आमच्या गच्चीवरची बैठक

(मंडळाच्या जानेवारी २०२६ मधील सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर पुष्कळ विषयांवर भाषणे झाली. मी आपली मागच्या रांगेत बसून ऐकणारी. पण या खेपेस चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या गच्चीवर ती चाकांची पत्र्याची खोली आहे ना, तिच्याबद्दल सांगा. निदान आळीतल्या शंका तरी फिटतील." शंका काय काय आहेत ते माझ्या कानावर आहे. कोणी म्हणते आम्ही कबुतरे पाळली. कोणी म्हणते मोबाईलचा टॉवर येणार. एकीने तर माझ्या सासूबाईंनाच विचारले की रात्री दहा वाजता सूनबाई गच्चीवर काय करतात.

ती खोली म्हणजे वेधशाळा आहे. नाव मोठे, खोली सहा फूट बाय सात फूट. आत एक दुर्बीण आहे. आकाश पाहायचे झाले की सगळी खोलीच रुळांवरून मागे ढकलायची आणि दुर्बीण उघडी करायची. पण आज मी दुर्बिणीपेक्षा ती ज्यावर बसते त्या वस्तूविषयी बोलणार आहे. तिला माउंट म्हणतात. मी बैठक म्हणते. गाणे कितीही चांगले असले तरी बैठक मोडकी असेल तर रंगत नाही, तसेच दुर्बिणीचे आहे.

दुर्बीण आमच्याकडे जुनीच. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला होता तेव्हा माझ्या मामंजींनी ती स्वतः केली. शाळेत मास्तर होते, विकत घेण्याची ऐपत नव्हती. सहा इंची जाड काचेच्या दोन चकत्या आणल्या. एक पाण्याच्या पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर कुरुंदाची पूड आणि पाणी टाकायचे, दुसरी काच वरून घासायची आणि घासता घासता पिंपाभोवती फिरायचे. वरची काच हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. मग बारीक पूड, त्याहून बारीक पूड, शेवटी डांबराच्या थरावर पॉलिश. सासूबाई सांगतात, चार महिने घरात पिंप मोकळे नव्हते आणि पाणी कळशीत भरावे लागे. मी १९९९ साली लग्न होऊन या घरी आले तेव्हा ही दुर्बीण लाकडी खोक्यावर बसलेली होती. हाताने ढकलावी, हव्या त्या दिशेला वळवावी.

त्या खोक्याने पुष्कळ वर्षे काम दिले. पण दोन वर्षांपूर्वी मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला. देवाच्या कृपेने पाय सुधारले, काठी टेकत चालतात, बोलणे स्वच्छ आहे. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. आणि खोक्यावरची दुर्बीण चालवायला हात लागतो. कारण आकाश थांबत नाही. पृथ्वी फिरते म्हणून तारे एका मिनिटाला पाव अंश सरकतात. ऐकायला थोडे वाटते, पण ग्रह मोठा करून पाहायला लागले की सव्वा मिनिटात तो काचेच्या एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने निघून जातो. दर सव्वा मिनिटाला दुर्बीण नाजूकपणे ढकलायची, थोडी वर आणि थोडी बाजूला. मामंजी डाव्या हाताने ढकलू पाहत आणि ग्रह कुठल्या कुठे जाई. मी ढकलून द्यायची, मग ते वाकायचे, तोवर ग्रह निघून गेलेला. असे दहा वेळा झाले की ते म्हणत, "राहू दे आता, खाली जाऊ." तो आवाज मला ऐकवत नसे.

आणि २०२५ हे वर्ष साधे नव्हते. शनीची कडी आपण चित्रात पाहतो ती तिरकी, टोपीच्या काठासारखी. पण शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात आणि तेवढ्या काळात दोनदा अशी वेळ येते की आपण कड्यांकडे नेमके काठावरून पाहतो. परात समोर उभी धरली तर गोल दिसते, डोळ्यांच्या पातळीत आडवी धरली तर नुसती रेघ. तसे कड्यांचे होते. त्यांची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर आणि जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर, म्हणजे एखाद्या इमारतीएवढी. गॅलिलिओने १६१२ साली पाहिले तेव्हा दोन वर्षांपूर्वी दिसलेले शनीचे 'कान' नाहीसे झालेले. बिचाऱ्याला कारण कळेना. ती कडी आहेत हे हॉयगेन्सने १६५९ साली छापून सांगितले.

मामंजींनी ही रेघ १९९५ साली याच दुर्बिणीतून पाहिली होती. २००९ साली शनी सूर्याच्या जवळ होता, तेव्हा हुकले. २०२५ च्या मार्चमध्येही तसेच झाले. पण नोव्हेंबरच्या अखेरीस कडी पुन्हा जवळजवळ मिटणार होती आणि शनी संध्याकाळी डोक्यावर असणार होता. त्यानंतरची वेळ २०३८-३९ मध्ये. मामंजी एक्याऐंशी वर्षांचे आहेत. घरात कोणी हा हिशेब बोलून दाखवला नाही. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोव्हेंबरच्या पानावर त्यांनी डाव्या हाताने वाकडी खूण केली होती, ती मला दिसत होती.

माझे भिशीचे दोन वर्षांचे पैसे आले होते. ते स्वयंपाकाच्या ओट्यासाठी होते. आमचा ओटा अजून जुनाच आहे, ज्यांनी पाहिला असेल त्यांना आज कारण कळले.

आता ही नवी बैठक काय करते ते सांगते. आपले जुने जाते आठवा. मधला खुंटा हालत नाही आणि वरची पाळ त्याच्याभोवती फिरते. आकाशाचेही तसेच आहे. खुंटा म्हणजे पृथ्वीचा आस, त्याचे वरचे टोक उत्तरेला ध्रुवापाशी. दुर्बिणीच्या बैठकीतही एक आस असतो. तो पृथ्वीच्या आसाला अगदी समांतर बसवला की दुर्बिणीला तारा धरून ठेवायला एकच फिरकी पुरते. वर नको, बाजूला नको. ती फिरकी एक लहान मोटर देते, २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी. चोवीसला चार मिनिटे कमी, म्हणून तर तारे रोज चार मिनिटे लवकर उगवतात. फ्राउनहोफर नावाच्या जर्मन कारागिराने १८२४ साली अशी बैठक केली, तिला घड्याळासारखे यंत्र जोडून. आमची बैठक त्याच घराण्यातली.

ज्या भगिनी मंडळाच्या जयपूरच्या सहलीला होत्या त्यांना जंतरमंतरमधला तो प्रचंड उतरता जिना आठवेल, सम्राट यंत्राचा. आपण सगळ्या त्याच्यापुढे उभ्या राहून फोटो काढत होतो. त्या जिन्याचा चढ सत्तावीस अंशांचा आहे, कारण जयपूर सत्तावीस अक्षांशावर आहे. सवाई जयसिंगांनी तो दगडात बांधला आणि आम्हाला लोखंडात बसवायचा होता, एवढाच फरक. आपले सातारा १७ अंश ४० कलांवर, म्हणून आपला उतार पावणेअठराच्या आसपास. ध्रुवही आपल्याकडून आकाशात तेवढ्याच उंचीवर दिसतो. हे मामंजींनी मला मुलाच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन समजावले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, पण कोन आमच्या सातवीत होते.

बैठकीआधी खांब. हे काम ह्यांचे. कारखान्यातून पाळी संपवून आले की गच्चीवर. खांब गच्चीत कुठेही उभा करून चालत नाही. खाली घराचा काँक्रीटचा कॉलम जिथे येतो तिथेच, नाहीतर माणूस चालले की स्लॅब लवतो आणि तारा नाचतो. सहा इंची लोखंडी नळा घेतला आणि त्यात कोरडी वाळू भरली. रिकामा नळा घंटेसारखा वाजतो, वाळूने मुका होतो. भोवतीची फळ्यांची जमीन खांबाला कुठेही न टेकता बसवली, मध्ये बोटभर फट. एवढे करूनही सांगते, खाली धुण्याचे यंत्र पिळायला लागले की वर शनी थरथरतो. म्हणून आमच्याकडे धुणे आता सकाळी.

खांबाची उंची मात्र मी ठरवली. पुस्तकात छातीएवढी उंची दिली होती. पण मामंजी उभे राहून किती वेळ पाहणार? मी त्यांना खुर्चीत बसवले आणि शिवणाच्या टेपने जमिनीपासून डोळ्यांपर्यंत माप घेतले, पंचेचाळीस इंच. दुर्बिणीचा डोळा त्या उंचीला यायला हवा. उलटा हिशेब करीत आलो तेव्हा खांब अवघा दीड फुटाचा निघाला. वेल्डिंगवाला हसला, म्हणाला हा काय तुळशीकट्टा आहे का. असू दे.

बैठक खोक्यातून आली ती दोन बोल्ट नसलेली. पूर्व-पश्चिम वळवायचे तेच नेमके दोन. विक्रेत्याला फोन केले, पत्र लिहिले, 'पाठवतो' एवढेच उत्तर. आठ दिवस वाट पाहिली. दिनदर्शिकेचे पान ऑक्टोबरचे होते. शेवटी आपल्याच गावातल्या लेथवाल्याने एका दुपारी करून दिले, आणि मूळचे नंतर आलेच नाहीत.

मग आमच्यापुढे खरी अडचण उभी राहिली. अशी बैठक बसवायची सोपी रीत म्हणजे आसातून ध्रुव पाहायचा. ध्रुव अगदी अढळ नाही हं, खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा जरासा अधिक. त्याची दुरुस्ती करता येते. पण आमच्या गच्चीवरून ध्रुवच दिसत नाही! उत्तरेला शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे, नेमकी पावणेअठरा अंशांवर. शेजारी आज इथे बसले आहेत. तुमच्यावर राग नाही, पाणी सगळ्यांनाच लागते. होकायंत्रही उपयोगाचे नाही, लोखंडी खांबाजवळ नेले की सुई कुठेही वळते.

मामंजी म्हणाले, "ध्रुव नसेल तर सूर्य आहे." जमीन सपाट केली, मध्ये एक उभी काठी रोवली, ओळंब्याने सरळ केली, आणि तिच्याभोवती सुतळीने वर्तुळ काढले. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला शिवले तिथे खूण, दुपारनंतर पुन्हा शिवले तिथे दुसरी खूण. दोन खुणांच्या मधोमध काढलेली रेघ दक्षिणोत्तर. ही शंकूची रीत आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत आहे. चिरंजीव पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, मोबाईलमध्ये सगळे कळते." मी म्हटले, कळत असेल, पण रांगोळीची रेघ पुसली तर मला दिसते, मोबाईलचे काय चुकले ते दिसत नाही. गेरूने ती रेघ अजून गच्चीवर आहे.

त्या रेघेवर बैठक बसवली, पाणसळीने पातळी पाहिली, उतार पावणेअठरा केला. मग तोल. एका बाजूला दुर्बीण आणि दुसऱ्या बाजूला दांड्यावर लोखंडी वजने. वाण्याच्या तराजूसारखेच, पण इथे वजन दांड्यावर मागेपुढे सरकवायचे. खिटका सैल केल्यावर दुर्बीण जिथे सोडाल तिथे थांबली पाहिजे. मग दुसऱ्या आसाचा तोल, नळी पट्ट्यांतून पुढेमागे करून. आणि हे सगळे पाहण्याची काच जागेवर लावूनच करायचे. तोल नसेल तर ती मुठीएवढी मोटर बिचारी किती ओढणार?

पण सावलीची रेघ डोळ्याला सरळ असली तरी दुर्बिणीला पुरेशी सरळ नसते. पुढची रीत रात्रीची आणि नुसत्या धीराची. मोटर चालू करायची, एक तारा काचेतल्या दोऱ्यांच्या फुलीवर धरायचा आणि तो वर किंवा खाली सरकतो का ते पाहत बसायचे. फुलीसाठी माझ्या शालूच्या पदरातून रेशमाचे दोन तंतू काढले. आधी दक्षिणेकडचा, डोक्याजवळून जाणारा तारा घ्यायचा. आम्ही संध्याकाळी सातला कुंभेतला घेत असू. तो दक्षिणेकडे सरकू लागला तर समजायचे आसाचे टोक पूर्वेला जास्त वळले आहे, उत्तरेकडे गेला तर पश्चिमेला. त्याप्रमाणे ते दोन बोल्ट किंचित फिरवायचे. मग पूर्वेला नुकता वर आलेला तारा. त्यासाठी रात्री दहाच्या सुमारास मृगाच्या बाणातला सर्वांत वरचा तारा आम्हाला मिळे. तो दक्षिणेला सरकला तर आस खाली आहे, उत्तरेला सरकला तर वर. एक सुधारले की दुसरे जरा बिघडते, म्हणून पुन्हा पहिल्याकडे.

हे मी केले. ह्यांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती आणि मामंजींना इतका वेळ थंडीत बसवणे बरे नव्हते. ते खाली खाटेवर, मी वर. मी जिन्यातून ओरडून सांगायची, "दक्षिणेकडे, पाच मिनिटांत एक दोराभर!" ते खालून सांगायचे, "पश्चिमेकडे पाव फेरी!" आळीने हेच ऐकले असणार. पहिल्या रात्री पाच मिनिटांत तारा फुली सोडून जाई. दुसऱ्या रात्री पंधरा मिनिटे टिकला. चौथ्या रात्री मी तारा फुलीवर ठेवला, खाली जाऊन विरजण लावले, उद्याची मटकी भिजत घातली आणि अर्ध्या तासाने वर आले, तर तारा तिथेच. मी खाली काही ओरडले नाही. नुसती जाऊन सांगितले.

त्या दिवसांत मामंजी मला कॅरोलाइन हर्शेलची गोष्ट सांगत. तिचा भाऊ विल्यम आरसे घासायला बसला की सोळा सोळा तास काचेवरून हात उचलत नसे, मग ती त्याला घास भरवी. पुढे तिने स्वतः आकाश धुंडाळायला घेतले, १ ऑगस्ट १७८६ ला पहिला धूमकेतू शोधला, एकूण आठ तिच्या नावावर आहेत. इंग्लंडच्या राजाने तिला वर्षाला पन्नास पौंड पगार बांधून दिला. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "मीही पिंप दिले होते चार महिने, मला कोणी पन्नास रुपये दिले नाहीत." मामंजी गप्पच बसले.

मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यात आभाळ स्वच्छ झाले. मामंजी काठी टेकत, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवीत, एकोणीस पायऱ्या चढून वर आले. ह्यांनी मागून धरले होते. शनी दक्षिणेला उंच, भाद्रपदांच्या चौकोनाखाली. मी तो धरला, मोटर लावली आणि बाजूला झाले. मामंजी खुर्चीत बसले, डोळा नेमका काचेपाशी आला, मान वाकवावी लागली नाही. एक मिनिट झाले, दोन झाली. जुन्या सवयीने त्यांचा डावा हात नळीकडे गेला आणि मध्येच थांबला. ढकलायचे काही नव्हते.

ते वीस मिनिटे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सुई आहे. चेंडूतून सुई आरपार घातलीय. पंचाण्णव साली होती तशीच." मीही पाहिले. पिवळसर गोळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना इतकी बारीक रेघ की श्वास धरला तरच दिसावी. लांब एक ठिपका, तो टायटन, शनीचा सर्वांत मोठा चंद्र.

आळीत मला दोघीतिघींनी सांगितले होते की शनी मीनेत आहे, साडेसातीचे दिवस आहेत, त्याच्याकडे टक लावून पाहू नये. मी कोणाच्या श्रद्धेला हसत नाही. आमच्या सासूबाई दर शनिवारी तेल घालतात. त्याच सासूबाई तिसऱ्या दिवशी आपण होऊन वर आल्या, बसल्या, पाहिले, आणि म्हणाल्या, "एवढासा आहे होय? आणि याला मी इतकी वर्षे घाबरते?" शनिवारचे तेल चालूच आहे.

बैठकीला थोडी देखभाल लागते. मोटर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते, ती पंधरा दिवसांनी चार्ज करते. पावसाळ्याआधी दातेरी चाकांना ग्रीस लावणार आहे. वारा सुटला तर खोली साखळीने बांधते, कारण एकदा ती आपली आपण रुळांवरून फूटभर चालत गेली होती.

ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जरूर यावे. या जानेवारीत गुरू मिथुनेत पुनर्वसूच्या जोडीजवळ आहे, रात्रभर दिसतो आणि त्याचे चार चंद्र रोज जागा बदललेले असतात. मुलांनाही आणा. नऊनंतर या, शाल घेऊन या आणि मोबाईलचा उजेड पाडू नका, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि ती एका उजेडाने जाते. जिन्यात दिवा लावलेला नसेल. उजव्या हाताला कठडा धरून यावे, डाव्या बाजूला पायऱ्यांवर माझ्या लोणच्याच्या बरण्या आहेत.